हरिकेन येतंय? बातम्या घड्याळ लावून बघा

अटलांटिकमध्ये वादळ उठलं की हात सारखा फोनकडे जातो. नवं काही कळत नाही, धडधड तेवढी वाढते.

अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरचं पूर्ण बुलेटिन एरवी दर 6 तासांनी येतं: पूर्व किनाऱ्याच्या उन्हाळी वेळेनुसार पहाटे 5, सकाळी 11, संध्याकाळी 5, रात्री 11. किनाऱ्याला वॉच (वादळाची शक्यता) किंवा वॉर्निंग (वादळ अपेक्षित) हा इशारा लागला की मध्ये पहाटे-दुपारी 2 आणि सकाळ-रात्री 8 ची भर पडते.

1. या वेळांचे अलार्म लावा, तेव्हाच बघा. वादळ लांब असेल तर पहाटेचा खुशाल वगळा.
2. वादळाच्या केंद्राचं ठिकाण, दिशा, वेग वहीत टिपा. आधीच्या नोंदीशी ताडून पाहिलं की टीव्हीवरच्या आरडाओरड्यापेक्षा जास्त कळतं.
3. मधल्या वेळात एकेक काम उरका: पाणी, औषधं, पॉवर बँक, गाडीची टाकी.

अंदाजाच्या नकाशावरचा शंकू फक्त वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, वादळाचा पसारा नाही; त्याबाहेर आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. फोनवरचे आपत्कालीन इशारे बंद करू नका. स्थानिक प्रशासनाने घर सोडायला सांगितलं, तर पुढच्या बुलेटिनसाठी थांबायचं नाही, निघायचं.