मणक्याचं ऑपरेशन: ऑर्थोकडे जायचं की न्यूरोकडे?

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये एल४-एल५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे मधली गादी फुगलेली, दिसला की घरात सगळे घाबरतात आणि लगेच सर्जन शोधायला लागतात. आधी घाबरू नका, ज्यांची कंबर कधी दुखलीच नाही अशा कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येसुद्धा बल्ज सापडतो, आणि पायात कळ जाणारी सायटिका बहुतेकांची ६ ते १२ आठवड्यांत गोळ्या आणि फिजिओवरच उतरते.

तरी ऑपरेशनची वेळ आलीच तर स्लिप डिस्क, दबलेली नस, सरकलेला मणका हे सगळं दोघंही करतात, एमएस ऑर्थो करून स्पाइनची (मणक्याची) फेलोशिप, म्हणजे जादा ट्रेनिंग, केलेला हाडांचा सर्जन असो नाहीतर एमसीएच पदवीचा, मेंदू आणि नसांची ऑपरेशनं करणारा न्यूरोसर्जन, त्यामुळे पाटी बघण्यापेक्षा सरळ विचारा की डॉक्टर, तुमच्या ऑपरेशनांत मणक्याची किती असतात, माझ्यासारखी केस महिन्याला किती करता. दिवसभर गुडघे बदलणारा ऑर्थो किंवा मुख्यतः मेंदूचीच ऑपरेशनं करणारा न्यूरोसर्जन कितीही नावाजलेला असला तरी कमरेसाठी मी दुसराच शोधेन.

फरक पडतो तो ठरावीक ठिकाणी. मुलांचा कणा वाकडा होत असेल तर ऑर्थो स्पाइनवाला, मज्जारज्जूत गाठ असेल तर न्यूरोसर्जन. आणि न्यूरोलॉजिस्ट ऑपरेशन करत नाहीत, अपॉइंटमेंट घेताना हा घोळ खूप होतो.

तपासतात कसं तेही बघा. चांगला सर्जन नुसत्या फिल्मवर जात नाही, तुम्हाला झोपवून पाय सरळ वर उचलून बघतो, टाचांवर चालायला लावतो, हाताने पायाचा अंगठा दाबून धरतो आणि तो वर ओढायला सांगतो, कारण एल५ ची नस दबली की हाच अंगठा ढिला पडतो. हात न लावता कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर तिथून उठा.

मणके जोडायला स्क्रू-रॉड टाकायचे म्हणत असतील तर ते का लागणार हे विचारा आणि सेकंड ओपिनियन मुद्दाम दुसऱ्या शाखेतल्या सर्जनचं घ्या. ठाणे-वाशीत दोन्ही मिळतात, प्रायव्हेटचा खर्च झेपत नसेल तर मुंबईत सायन आणि केईएम या पालिकेच्या हॉस्पिटलांत दोन्ही डिपार्टमेंट आहेत, सकाळची लवकरची लोकल पकडा आणि नुसता रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडी बरोबर ठेवा.

पण लघवी अडकली किंवा झालेली कळेना, बसायच्या जागी बधिर वाटायला लागलं, पाऊल लुळं पडलं, तर ऑर्थो की न्यूरो करत बसू नका, त्याच रात्री जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.