जेट बोट की प्रोपेलरची बोट? पुराच्या पाण्यात या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि पाणी 43 फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागले, की चिखली, आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत बोटींची चर्चा सुरू होते. जेट बोटीला पंखाच नसतो, त्यामुळे ती कुठेही चालते, हे विधान त्या चर्चेत हमखास ऐकू येते आणि निवडीतील पहिली चूक तिथेच होते. जेटलाही पंखा असतो. तो प्रोपेलरसारखा बोटीखाली न लोंबता आतल्या नळीत बसवलेला असतो. तळाच्या जाळीतून ओढलेले पाणी हा आतला पंखा, म्हणजे इंपेलर, मागील नोझलमधून जोराने फेकतो आणि त्या रेट्याने बोट पुढे जाते. न्यूझीलंडचे विल्यम हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात ही रचना विकसित केली, ती तिथल्या उथळ, खडकाळ नद्यांसाठी. आपल्या पुरात मात्र केंदाळ, उसाचा पाला आणि प्लॅस्टिक वाहत येते, आणि जेटची जाळी नेमकी त्यानेच तुंबते.

जेट उथळ पाण्यात चालते हे खरे, पण बोट वेगात पृष्ठभागावर उचलली गेलेली असतानाच. थांबलेली, माणसांनी भरलेली बोट खोल बसते आणि तिथून निघताना तळाची वाळू, खडे आत ओढते. त्यामुळे इंपेलर आणि त्याभोवतीचे कडे झिजते, दोहोंतील फट वाढते आणि रेटा घटतो.

सर्वांत धोकादायक चूक सुकाणूची आहे. समोर विजेचा खांब दिसताच घाबरून थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवणारा दांडा) सोडला, तर जेट बोट वळतच नाही, कारण तिला वळवणारी धारच बंद झालेली असते. वळण्यापुरता रेटा ठेवावाच लागतो. प्रोपेलरच्या सवयीने चालवणाऱ्यांना हे आधी मोकळ्या पाण्यात शिकवावे.

अश्वशक्तीचा आकडा पाहून तुलना करणेही फसवे आहे. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या, इंजिनाला जेट जोडल्यास साधारण 30 टक्के शक्ती कमी मिळते. मंद वेगाने जास्त माणसे न्यायची असतील, तर माझ्या मते प्रोपेलरच बरा; मात्र बुडालेल्या कुंपणभिंती आणि विहिरींचे कठडे तिथे थेट पात्यांवर येतात. म्हणून लहान इंजिनाला खाली धरून ठेवणारे टिल्ट लॉक पुढे जाताना मोकळे ठेवावे, म्हणजे धक्का बसताच इंजिन वर उचलले जाते.

इंजिनाचे फेरे वाढतात पण बोट सरकत नाही, अशा वेळी थ्रॉटल आणखी ओढू नये. जेटमध्ये आधी जाळी, मग झीज आणि हवा आत शिरते का, हे तपासावे. प्रोपेलरमध्ये पात्यांना गुंडाळलेले दोर, वाकलेली पाती आणि पंख्याच्या मध्यभागी बसणारा रबरी हब निसटला आहे का, हे पाहावे. हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून किल स्विचची (इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या कळीची) दोरी काढावी. जेट सुरक्षित म्हणून त्याच्या जाळीजवळ पोहणेही टाळावे, कारण ती मोकळे केस, साडीचा पदर आणि दोर ओढून घेते.

पूर ओसरल्यावर प्रोपेलरच्या इंजिनाचे गिअर ऑइल काढून पाहावे. ते दुधट दिसले, तर पाणी आत शिरले आहे. अनेकदा पंख्यामागे अडकलेल्या मासेमारीच्या दोऱ्याने पाणी अडवणारे सील कापलेले असते, आणि ते न बदलता नुसते तेल भरल्यास गिअर निकामी होतात.