कुत्र्याच्या पिल्लाला लूत लागलीय? आधी डॉक्टरकडे स्क्रेपिंग करून घ्या, मग औषध

पिल्लाचे केस पुंजक्यापुंजक्याने गळायला लागले आणि कानाच्या कडा खरखरीत झाल्या की आजूबाजूचे लगेच सांगतात, जळकं ऑइल लाव, खोबरेल तेलात कापूर घालून चोळ. प्लीज यातलं काहीही लावू नका. पिल्लू अंगावरचं सगळं चाटतं, कापूर पोटात गेला तर त्याला फिट येऊ शकते, आणि गॅरेजमधलं ऑइल, रॉकेल, फिनेल म्हणजे सोललेल्या कातडीवर सरळ विषच. नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेसाठी आणलेलं गंधक घरात पडलेलं असतं, तेही नको. लुतीवर गंधक चालतं हे खरंय, पण ते जनावरांच्या डॉक्टरकडचं, ठरावीक प्रमाणातलं, फवारणीचं नाही.

लूत म्हणजे बारीक किड्यांमुळे होणारा कातडीचा रोग. ती मुख्यतः दोन प्रकारची, आणि दोन्हींचं वागणं अगदी वेगळं. पहिली सार्कोप्टिक, तिच्यात किडे कातडीत बोगदे करून अंडी घालतात, पिल्लू खाजवून खाजवून हैराण होतं, रात्री झोपत नाही, आणि कानाच्या कडा, कोपरं, पोट आधी खराब होतं. कानाची कड बोटांत धरून हलकेच चोळा, मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागला तर बहुतेक हीच. ही दुसऱ्या कुत्र्यांना लागते, तुमच्याही हाता-पोटावर खाजरी पुरळ येऊ शकते, पण हे किडे माणसावर टिकत नाहीत, पिल्लू बरं झालं की तीही जाते, नाही गेली तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. दुसरी डेमोडेक्स, ती आईकडून पहिल्या काही दिवसांतच येते, डोळ्यांभोवती, तोंडावर, पुढच्या पायांवर केस जातात, सुरुवातीला खाज फारशी नसते आणि ती माणसाला लागत नाही. एक-दोनच चट्टे असतील तर बऱ्याचदा आपोआप जातात. फंगस पण दिसायला असाच असतो, म्हणून नुसतं बघून ठरवू नका.

स्क्रेपिंग म्हणजे डॉक्टर ब्लेडवर तेलाचा थेंब घेऊन रक्ताचा बारीक ठिपका दिसेपर्यंत कातडी खरवडतात आणि काचपट्टी मायक्रोस्कोपखाली धरतात. बघायला वाईट वाटतं पण मिनिटभराचं काम आहे, नक्की करून घ्या. सार्कोप्टिकचे किडे कधीकधी स्क्रेपिंगमध्ये सापडतच नाहीत, तेव्हा लक्षणांवरून डॉक्टर औषध सुरू करतात, ते बरोबरच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाई-म्हशींचं आयव्हरमेक्टिनचं (किडे मारायच्या औषधाचं) इंजेक्शन कुणाच्याही सांगण्यावरून टोचू नका. त्यातलं १ मिलि ५० किलोच्या जनावरासाठी असतं आणि आपलं पिल्लू जेमतेम २ किलोचं, अंदाजाने दिलेला थोडासा डोससुद्धा कितीतरी पट होतो. तोल जाणं, लाळ गळणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, फिट, आणि कधी जीवही जातो. कोली जातीच्या कुत्र्यांना तर हे औषध जास्तच धोक्याचं. गोचिडाचं पाण्यात मिसळून लावायचं औषधसुद्धा स्वतःच्या मनाने नको. हल्ली लुतीवर अफॉक्सोलेनरसारख्या चावून खायच्या गोळ्या मिळतात, ८ आठवड्यांच्या आणि साधारण २ किलोच्या वरच्या पिल्लाला डॉक्टर वजन करून देतात. आधी कधी फिट आली असेल तर ते आठवणीने सांगा. त्याहून लहान पिल्लासाठी काय द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि घरातली खाजेची ट्यूब बंद, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि त्याने डेमोडेक्स भडकते.

अंघोळ डॉक्टरांनी दिलेल्या शाम्पूनेच, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत जी थंडी पडते त्यात दुपारी कोमट पाण्याने, शाम्पू सांगितला तितकी मिनिटं अंगावर ठेवून, मग टॉवेलने नीट कोरडं करून उन्हात बसवा. अर्धे केस गेलेलं पिल्लू गारठून जातं, रात्री गोणपाटाखाली जुनं स्वेटर तरी घाला. सार्कोप्टिक असेल तर अंथरूण गरम पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवा, पट्टासुद्धा, आणि घरातल्या बाकी कुत्र्यांनाही औषध विचारा, त्यांना खाज नसली तरी. जंताचं औषध राहिलं असेल तर तेही, अंगात ताकद नसेल तर कातडी लवकर भरत नाही. उकडलेलं अंडं, चिकन-भात द्या, मीठ-मसाला नको.

सार्कोप्टिकची खाज काही आठवड्यांत उतरते पण डेमोडेक्सला महिने लागू शकतात, केस आले म्हणून औषध थांबवू नका, महिन्याच्या अंतराने दोन स्क्रेपिंग क्लिअर आल्यावरच डॉक्टर बंद करतात. मध्येच कातडीला वास यायला लागला, पू दिसला, पिल्लू जेवेना किंवा अंग तापलं तर आत इन्फेक्शन झालेलं असू शकतं, पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा.