पावसाळी धिंगरी: पिशवी भरायची घाई करू नका

पावसाची झड लागली की धिंगरी (ऑयस्टर मशरूम) पिकवणाऱ्या सामूहिक बागांमधून एकच तक्रार येते: पेंढा आणि स्पॉन (अळिंबीचं बियाणं) भरलेल्या पिशव्या हिरव्या पडल्या. स्पॉन जुना निघाला, हवा कोंदट होती, खोलीच बाधली, अशी दहा कारणं सांगतात. मी आधी पिशवीचा तळ बघतो. तिथे पिवळट पाणी साचलेलं असतं. भिजवून गरम पाण्यातून काढलेला पेंढा न निथळता ओलाच भरलेला असतो.

धिंगरीच्या तंतूंना ओल लागते तशी हवाही लागते. काड्यांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तंतू गुदमरतात, पेंढा आंबतो आणि त्या जागी ट्रायकोडर्माची हिरवी बुरशी पसरते. उन्हाळ्यात दोन-तीन तासांत निथळणारा पेंढा झडीच्या दिवसांत रात्रभर ठेवला तरी गळत राहतो. घड्याळावर जाऊ नका, पेंढ्यावर जा.

छपराखाली, जमिनीपासून वर, तिरक्या जाळीवर पातळ थर पसरा. दर तासाने हात धुऊन खालचा पेंढा वर करा. फसगत इथेच होते: वरचा पेंढा हाताला बरोबर लागतो, लोक पिशव्या भरायला घेतात आणि ढिगाच्या तळचा चिंब पेंढा शेवटच्या पिशव्यांत जातो. म्हणून मूठ तळातली घ्या. जोरात दाबल्यावर तळवा ओलसर व्हावा, पण थेंब पडू नये. थेंब पडला तर आज भरणं बंद. ओल ६५ टक्क्यांच्या आसपास हवी. मुठीवर भरवसा नसेल तर वजन करा: १ किलो कोरडा पेंढा निथळल्यावर अडीच ते तीन किलो भरतो. त्याहून जास्त भरला तर अजून पाणी आहे.

माझा एक आडाखा आहे, पुस्तकात सापडणार नाही. पेंढा नाकाशी धरा. उकडलेल्या गवताचा वास आला तर भरा; आंबूस वास आला तर तो पेंढा खतखड्ड्यात टाका, परत गरम पाण्यात घालत बसू नका.

बाकीची कामं नेहमीचीच:

- पेंढा नवा, पावसात न भिजलेला. ३ ते ५ सेंमी तुकडे
- थंड पाण्यात ८ ते १२ तास भिजवण
- ८० अंश सेल्सिअस गरम पाण्यात १ तास
- निथळणे (वर वाचलं नसेल तर परत वाचा)
- पूर्ण गार झाल्यावरच स्पॉन. ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या २ ते ३ टक्के, थराथराने
- पिशवीला १० ते १५ बारीक भोकं, तळाच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक
- अंधारात, २४ ते २८ अंशांत १५ ते २० दिवस
- पांढरी झाल्यावर पिशवी कापणे. ८० ते ८५ टक्के आर्द्रता, उजेड, खेळती हवा
- कडा वर वळायच्या आत काढणी

पेंढा निर्जंतुक करायला गरम पाण्याऐवजी रसायनाची शिफारसही आहे: १०० लिटर पाण्यात कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) ७.५ ग्रॅम आणि फॉर्मेलिन १२५ मिली, १६ ते १८ तास. मात्रा अधिकृत आहे, पण फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना आणि छातीला वाईट. राहत्या घरात आणि मुलं फिरतात त्या बागेत मी ते वापरू देत नाही. सरपण आणि पातेलं पुरतं.

विक्रेत्याकडून फक्त ताजा स्पॉन घ्या. पिशवीवरची तारीख बघा. दाणे पांढऱ्या तंतूंनी झाकलेले हवेत, हिरवा-काळा ठिपका नको. सोबत टॉनिक, वाढवर्धक फवारा आणि पेंढ्यात मिसळायचं ‘पोषण’ पुढे करतील, ते ठेवून या. कोंड्यासारखी पूरक द्रव्यं घातली की पिशवी आतून तापते आणि नत्रावर बुरशीच आधी जेवते. ओल्या पेंढ्याचं नुकसान कुठलीही बाटली भरून देत नाही.

बागवाल्यांची आणखी एक खोड. वाफ्यात मर रोगासाठी ट्रायकोडर्मा टाकतात, ते चांगलंच आहे. पण तेच हात, तोच अंगरखा घेऊन स्पॉन भरायला बसतात! बागेतला मित्र धिंगरीच्या खोलीत वैरी आहे. पिशव्या भरायच्या त्या दिवशी कंपोस्टला आणि वाफ्यांना हात लावू नका. ट्रायकोडर्माची पुडीही त्या खोलीत नको.

हिरवा डाग दिसलाच तर पिशवी तिथे उघडू नका. वरून दुसरी पिशवी चढवा आणि बाहेर न्या. डाग नखाएवढा असेल आणि भोवती पांढरे तंतू दाट असतील, तर मी ती वेगळ्या जागी चार दिवस ठेवून बघतो. कधी तंतू जिंकतात, पण त्यावर हिशेब मांडू नका.

सामूहिक बागेत पेंढा निथळला का, हे दुसऱ्या कुणीतरी बघितलं असेल असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून पाळीच्या वहीत एक रकाना वाढवा: मूठ कोणी दाबली, किती वाजता. सही नसेल तर स्पॉनची पिशवी फोडायची नाही.

तिसऱ्या तोडणीनंतर उरलेला निरोगी पेंढा वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरा, खोडापासून चार बोटं लांब. पावसात खोडाला चिकटलेलं ओलं आच्छादन बुंधा कुजवतं. त्या आच्छादनातून काही दिवसांनी छत्र्या उगवतील. त्यात धिंगरीही असेल आणि भलतंही. पिशवीबाहेर, जमिनीतून आलेलं काहीही ताटात घेऊ नका, कितीही ओळखीचं दिसलं तरी.