सेंद्रियकडे वळताय? आधी उकिरड्यात पहार खुपसा

मे महिना आला की फोन सुरू होतात. "काका, यंदापासून सगळं सेंद्रिय." किती क्षेत्र? 5 एकर, सगळंच. इथंच माझं डोकं फिरतं. 20 वर्षं युरियावर पोसलेली जमीन एका हंगामात उपाशी ठेवली की पीक पिवळं पडणारच. मग घरचे कुरकुरतात आणि ऑगस्टात गुपचूप पोतं येतं. आधी 1 एकर धरा. बाकीच्या रानातली रासायनिक खतं दरवर्षी थोडी कमी करत न्या.

दुसरी चूक माझी स्वतःची. पहिल्याच वर्षी गोठ्यातलं 3 ट्रॉल्या शेण आणलं, ओलंच, आणि पावसाच्या तोंडावर उसाच्या सरीत ओतलं. श्रावणात बेटं पिवळी पडली. मला वाटलं नत्र कमी पडलं, म्हणून दोनदा जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी, सोडलं. एके दिवशी ऊस धरून ओढला तर अख्खं बेट मेथीच्या जुडीसारखं हातात आलं. मुळं नाहीतच! खाली अर्धगोल वळलेल्या पांढऱ्या अळ्या. हुमणी. अर्धा एकर ऊस गेला. कच्चं शेणखत म्हणजे हुमणीला आयतं घर आणि वाळवीलाही आमंत्रण.

तेव्हापासून खत रानात न्यायच्या आधी ढिगात पहार खुपसतो आणि 10 मिनिटांनी उपसून टोकाला हात लावतो. कोमट लागली की ढीग उलटायचा आणि परत थांबायचं. वास मातीचा यायला हवा, शेणाचा नाही. आणि वळवाचा पहिला पाऊस पडला की अंधार पडल्यावर बांधावरच्या बाभळी, कडुलिंब हलवतो. पडलेले भुंगेरे, म्हणजे हुमणीचेच मोठे झालेले किडे, रॉकेल घातलेल्या पाण्यात. फुकटचं काम आहे, म्हणून कुणी करत नाही.

बाटली मात्र सगळे घेतात. 'सेंद्रिय' औषध म्हणे, आणि फवारल्यावर तासाभरात अळ्या गळून पडतात. त्यात काय असेल ते तुम्हीच ओळखा. तपासणीत मालात रासायनिक औषधाचा अंश सापडला तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

जीवामृत म्हणजे 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे विरजण आहे. रानात पालापाचोळा, शेणखत काहीच नसेल तर विरजण लावणार कशाला?

ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक उपयोगी बुरशी; ती आणि रासायनिक बुरशीनाशक एका पंपात कालवू नका. हसू नका, करतात लोक.

हिरवळीच्या खतासाठी पेरलेला ताग फुलावर यायच्या सुमारास, दीड महिन्यात जमिनीत गाडा. दांडे निबर झाले की कुजत नाहीत लवकर.

प्रमाणपत्राची घाई असलेल्यांसाठी: हंगामी पिकांना पेरणीआधी 2 वर्षं, फळबागेला पहिल्या सेंद्रिय तोडणीआधी 3 वर्षं रूपांतराचा काळ धरतात. पहिल्या दिवसापासून वही घाला, काय टाकलं, कधी टाकलं, कुठून आणलं. बांधाला शेवरी लावा. ती वाढेपर्यंत शेजाऱ्याला सांगून ठेवा, वारा तुमच्याकडे असेल तेव्हा फवारू नको म्हणून.