'फॉल्स' लिहिलं तरी 'ट्रू' का येतं?

पायथनच्या बूल फंक्शनला (दिलेली किंमत ट्रू की फॉल्स हे सांगणारं) "फॉल्स" ही स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, दिली की उत्तर ट्रू येतं. हा बग नाही. बूल स्ट्रिंगचा अर्थ लावत बसत नाही. ती रिकामी आहे का, एवढंच बघतं. जावास्क्रिप्टचं बूलियन फंक्शनही असंच वागतं. पीएचपीत मात्र नुसता शून्याचा आकडा असलेली स्ट्रिंगही फॉल्स ठरते, त्यामुळे एका भाषेची सवय दुसरीकडे नेऊ नका.

हा घोळ सर्वांत जास्त होतो तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामला बाहेरून, सिस्टीमकडून मिळणाऱ्या सेटिंगमध्ये), कारण तिथून येणारी किंमत नेहमी स्ट्रिंगच असते. डीबग (चुका शोधण्याचा मोड) बंद करायला कोणी फॉल्स लिहितं आणि प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर, डीबग चालू राहतं. कमांड लाइनवरचे पर्याय वाचणाऱ्या आर्गपार्समध्ये टाइप म्हणून बूल दिलं तरी हेच होतं.

यावर छोटं फंक्शन स्वतःच लिहावं. आधी स्ट्रिपने कडेच्या स्पेस काढा. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलमधून ओळीच्या शेवटी चिकटून येणारं कॅरेज रिटर्नही त्यातच जातं. मग लोअरने सगळी इंग्रजी अक्षरं छोटी करा. त्यानंतर ट्रू, येस, ऑन, एक हे शब्द एका सेटमध्ये आणि फॉल्स, नो, ऑफ, शून्य दुसऱ्या सेटमध्ये ठेवून तपासा. दोन्हीकडे सापडलं नाही, तर व्हॅल्यूएरर (चुकीच्या किमतीची एरर) फेका आणि मेसेजमध्ये मूळ स्ट्रिंग रेपर करून दाखवा, म्हणजे न दिसणारी स्पेसही दिसते.

ही शेवटची पायरी कधीच गाळू नका. "ट्रू नाही, म्हणजे फॉल्स" हे सोपं वाटतं, पण टायपिंगची एक चूक झाली की सेटिंग गुपचूप बंद होतं आणि लॉगमध्ये काहीच उमटत नाही. जावाचं पार्सबूलियन नेमकं असंच आहे: येस दिलं तरी फॉल्स, ट्रूपुढे एक स्पेस राहिली तरी फॉल्स. गो भाषेचं पार्सबूल एरर परत देतं. तोच मार्ग बरा.

व्हेरिएबल सेटच नसेल तर काय धरायचं, हे या फंक्शनने ठरवू नये. डीफॉल्ट किंमत ते वापरणाऱ्या कोडनेच द्यावी.

जुन्या उत्तरांत स्ट्रटूबूल हे तयार फंक्शन सुचवलेलं दिसेल. ते डिस्टयूटिल्स या मॉड्यूलमध्ये होतं, आणि पायथन ३.१२ पासून ते मॉड्यूल स्टँडर्ड लायब्ररीत नाही. शिवाय ते बूलियन नव्हे, एक किंवा शून्य हा पूर्णांक द्यायचं. आयएनआय प्रकारची सेटिंग फाइल वाचायची असेल तर कॉन्फिगपार्सरचं गेटबूलियन तयार आहे. अनोळखी शब्दाला तेही व्हॅल्यूएररच देतं.