कच्च्या पपईची टुटीफ्रुटी करताय? रंग सगळ्यात शेवटी घाला

थंडी वाढली की पपई पिकायला वेळ लावते आणि वाऱ्याने पडलेलं कच्चं फळ तर व्यापारी हातात पण घेत नाही, शहादा-नंदुरबारकडच्यांना हे वेगळं सांगायला नको. बांधावर टाकण्यापेक्षा टुटीफ्रुटी करा.

फळाला उभ्या चिरा मारून चीक निथळू द्या, हाताला तेल लावा नाहीतर आग होते. साल-बिया काढून 1 सेंमीच्या फोडी करा. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम खायचा चुना, वरची निवळी तेवढी घ्यायची, त्यात फोडी 2-3 तास ठेवल्या की कडक राहतात. मग धुवा, आणि धुवा म्हणजे चार-पाच पाण्यातून खरंच धुवा. बचत गटाच्या ताईंना शिकवताना पहिल्याच बॅचला मी घाई केली, हळद घातली आणि फोडी लालसर झाल्या. एक आजी म्हणाल्या, अरे बाबा तू तर कुंकू केलंस! बरोबरच होतं त्यांचं, हळदीला चुना लागला की दुसरं काय होणार.

नंतर फोडी 5 मिनिटं उकळून निथळा. पहिल्या दिवशी 1 किलो साखरेला दीड लिटर पाणी, असा पातळ पाक. रोज फोडी काढायच्या, पाक थोडा आटवायचा, परत टाकायच्या, चार दिवसात 40, 50, 60, 70 ब्रिक्स, म्हणजे 100 ग्रॅम पाकात तेवढे ग्रॅम साखर. ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर गटात एक असला तरी पुरतो. एकदम घट्ट पाकात टाकलं की फोडीतलं पाणी बाहेर येतं आणि ती मनुक्यासारखी सुरकुतते. किलोभर साखरेला 1-2 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला, साखरेचे खडे धरत नाहीत.

आता रंग. शेवटचा पाक पूर्ण गार झाल्यावरच फोडींसकट दोन भांड्यांत विभागून घ्या आणि एकात बीट किसून गाळलेला रस, दुसऱ्यात चिमूटभर हळद, एक रात्र मुरू द्या. बीट उकळलं की मातकट होतं. हिरव्यासाठी पालकाच्या नादी लागू नका, आंबटात तो शेवाळी पडतो. बाजारासारखा भडक रंग येणार नाही, येऊ पण नये.

फोडी कोमट पाण्यातून पटकन काढून सावलीतच वाळवा, उन्हात दोन्ही रंग उडतात, हळद तर फारच. म्हणून पाकिटं पण आठवडी बाजारात उन्हात मांडू नका, खोक्यात ठेवा आणि चवीपुरतं एक पाकीट फोडून समोर ठेवा.